शस्त्रक्रियागृहातील औषधे : लेबल वाचण्याचे शास्त्र

शस्त्रक्रिया ठरली की रुग्णाचे नातेवाईक साधारणतः दोन नावांची चौकशी करतात. शस्त्रक्रिया कोण करणार आणि भूल कोण देणार? त्या खोलीत आणखी एक माणूस असतो, त्याचे नाव मात्र कोणी विचारत नाही. कपाटातून औषधाची कुपी काढणारा, सिरिंजवर चिठ्ठी चिकटवणारा, शल्यविशारदाच्या हाती भरलेली वाटी देणारा हा माणूस म्हणजे ऑपरेशन थिएटर तंत्रज्ञ. कोणते औषध द्यायचे हे तो ठरवत नाही, किती द्यायचे हेही नाही. परंतु रुग्णाच्या शरीरात जाणारी अनेक औषधे त्यापूर्वी त्याच्या हातातून गेलेली असतात.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली परिसरात या माणसाचे महत्त्व काकणभर जास्तच आहे. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई रुग्णालय, डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय ही महापालिकांची रुग्णालये सर्वांच्या परिचयाची आहेत. त्यांच्याबरोबरीने निवासी इमारतींच्या पहिल्या मजल्यावर थाटलेली छोटी नर्सिंग होम्स हेही या शहरांचे वैशिष्ट्य आहे. तेथे शल्यविशारद ठरलेल्या वेळी येतात. भूलतज्ज्ञ तर सकाळी एका आणि दुपारी दुसऱ्या रुग्णालयात असतात. ओटीत कायम राहतात ते सिस्टर आणि तंत्रज्ञ. कोणती कुपी कोणत्या खणात आहे, फ्रीज रात्री बंद पडला होता का, कालची उरलेली सिरिंज टाकली की ट्रेमध्येच राहिली, हे सारे त्यांनाच ठाऊक असते.

या कामाचे शिक्षण आता बऱ्यापैकी व्यवस्थित मिळू लागले आहे. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या निमवैद्यकीय पदवी अभ्यासक्रमात ओटी तंत्रज्ञ ही स्वतंत्र शाखा आहे. संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी संसदेने २०२१ मध्ये केलेल्या कायद्यातही शस्त्रक्रिया आणि भूलशास्त्राशी निगडित तंत्रज्ञांचा समावेश झाला. अभ्यासक्रमात औषधशास्त्र हा विषय असतोच. तो बहुधा औषधांच्या याद्या पाठ करून उत्तीर्ण होण्याचा विषय मानला जातो, हे त्याचे दुर्दैव. ओटीतील औषधशास्त्राचा मोठा भाग पाठांतराचा नसून वाचनाचा आणि सातवी-आठवीच्या गणिताचा आहे.

नाव एक, चेहरे अनेक

प्रत्येक औषधाला निदान दोन नावे असतात. एक शास्त्रीय नाव, जे सर्व कंपन्यांचे सारखे असते आणि दुसरे कंपनीने ठेवलेले व्यापारी नाव. ओटीत व्यापारी नावांचाच सुकाळ असतो. सक्सिनिलकोलिनला सर्रास ‘स्कोलिन’ म्हणतात, लिग्नोकेन ‘झायलोकेन’ होते, पोव्हिडोन आयोडिन ‘बीटाडिन’ म्हणूनच मागितले जाते. अनुभवी माणसाला हे सवयीने कळते. नवा विद्यार्थी मात्र एकाच औषधाची दोन नावे दोन वेगळी औषधे समजू शकतो. दोन वेगळी औषधे एकच समजण्याची चूक त्याहून वाईट. त्यामुळे व्यापारी नाव कानावर पडले तरी कुपीवरचे शास्त्रीय नाव शोधून वाचायचे, ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी लागते. शास्त्रीय नाव अनेकदा बारीक अक्षरांत छापलेले असते, याला इलाज नाही.

याचे सर्वांत भीषण उदाहरण ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडचे आहे. रक्तस्राव कमी करणारे हे उत्तम औषध प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावात जीव वाचवते. त्यामुळे सिझेरियनच्या वेळी ते हाताशी असते. सिझेरियनसाठी भूल बहुधा पाठीच्या कण्यात दिली जाते आणि त्यासाठी लागणारे ‘हेवी’ ब्युपिव्हॅकेनही त्याच ट्रॉलीवर असते. दोन्ही काचेच्या लहान अँप्यूलमध्ये, दोन्ही पाण्यासारखी रंगहीन. शिरेतून द्यायचे ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड चुकून कण्यात गेले, तर पाठीत व पायांत असह्य वेदना सुरू होतात, आटोक्यात न येणारे झटके येतात, हृदयाची लय बिघडते. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये या चुकीबाबत जगभरातील रुग्णालयांना इशारा दिला आणि अशा घटनांतील मृत्यूचे प्रमाण सुमारे ५० टक्के असल्याचे नमूद केले. उपाय अगदी घरगुती आहे. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड भुलेच्या ट्रॉलीवर ठेवायचेच नाही. त्याची जागा वेगळी, शक्यतो दुसऱ्या कपाटात. ही जागा ठरवणे आणि ती रोज तपासणे हे काम कोणाचे, असे विचारले, तर उत्तर तंत्रज्ञाकडे बोट दाखवते.

‘दिसायला तशीच आहे’ या कारणावरून कुपी उचलायची नाही. कंपनी बदलली की वेष्टनाचा रंग बदलतो, पुरवठादार बदलला की टोपणाचा. रंग ओळखून औषध देणारा माणूस वर्षभर बरोबर असतो आणि एखाद्या दिवशी चुकतो.

टक्के आणि गुणोत्तर

ओटीतील औषधांची शक्ती तीन पद्धतींनी लिहिली जाते. काहींवर मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, काहींवर टक्के, तर काहींवर गुणोत्तर. विद्यार्थ्यांचा गोंधळ इथेच होतो आणि खरे सांगायचे तर मुरलेल्यांचाही होतो.

एक टक्का म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये एक ग्रॅम, म्हणजेच एका मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम. हे एक वाक्य पक्के झाले की बाकीचे आपोआप सुटते. दोन टक्के लिग्नोकेन म्हणजे दर मिलिलिटरला २० मिलिग्रॅम, अर्धा टक्का ब्युपिव्हॅकेन म्हणजे ५ मिलिग्रॅम. आता साठ किलो वजनाचा रुग्ण घेऊ. ॲड्रेनलिन न मिसळलेल्या लिग्नोकेनची कमाल मात्रा दर किलोला ३ मिलिग्रॅम धरली, तर त्याला १८० मिलिग्रॅम चालते. म्हणजे दोन टक्क्यांच्या द्रावणाचे फक्त ९ मिलिलिटर. काही ग्रंथ ही मर्यादा साडेचार मिलिग्रॅमपर्यंत नेतात, तरीही आकडा साडेतेरा मिलिलिटरच्या पुढे जात नाही. ॲड्रेनलिन मिसळल्यास मर्यादा ७ मिलिग्रॅमपर्यंत वाढते आणि २१ मिलिलिटर देता येतात. बाजारात मिळणारी दोन टक्के लिग्नोकेनची मोठी कुपी ३० मिलिलिटरची असते, तिच्यात ६०० मिलिग्रॅम औषध आहे. पूर्ण कुपी वाटीत ओतून शल्यविशारदापुढे ठेवली, तर कोणत्याही हिशेबाने मर्यादेबाहेरचे औषध आपण त्याच्या हाती दिलेले असते. दिलेल्या औषधाचा आकडा ‘आतापर्यंत आठ मिलिलिटर’ असा मोठ्याने सांगत राहणे हा तंत्रज्ञाचा आगाऊपणा नव्हे.

मर्यादा ओलांडली तर काय होते? जागा असलेला रुग्ण आधी ओठ बधिर झाल्याचे, तोंडात धातूसारखी चव आल्याचे, कानात आवाज येत असल्याचे सांगतो. ही तक्रार किरकोळ समजून ‘काही नाही, झोपा’ म्हणायचे नसते. यानंतर झटके येऊ शकतात, हृदय थांबू शकते. अशा वेळी वीस टक्क्यांचे स्निग्ध द्रावण, जे एरवी शिरेतून पोषणासाठी वापरतात, शिरेतून देतात. ते ओटीत आहे का आणि कुठे आहे, हे माहीत असलेला माणूस त्या क्षणी फार मोलाचा ठरतो.

ॲड्रेनलिनचे गणित गुणोत्तराचे आहे. ‘एकास हजार’ म्हणजे १,००० मिलिलिटरमध्ये एक ग्रॅम, म्हणजे दर मिलिलिटरला एक मिलिग्रॅम. आपल्याकडची अँप्यूल हीच. लिग्नोकेनमध्ये रक्तस्राव कमी करण्यासाठी मिसळायचे प्रमाण मात्र ‘एकास दोन लाख’, म्हणजे दर मिलिलिटरला ५ मायक्रोग्रॅम. याचा अर्थ २० मिलिलिटर द्रावणात अँप्यूलमधील औषध जेमतेम ०.१ मिलिलिटर घालायचे. इन्सुलिनच्या बारीक सिरिंजशिवाय हे मोजता येत नाही. घाईत संपूर्ण एक मिलिलिटर घातले, तर द्रावण दहापट तीव्र होते आणि रुग्णाचा रक्तदाब आकाशाला भिडतो. बोटे व पायाची बोटे बधिर करताना ॲड्रेनलिन अजिबात वापरू नये, असा पाठ पिढ्यान् पिढ्या शिकवला गेला. हाताच्या शस्त्रक्रिया करणारे आजचे अनेक तज्ज्ञ ते जाणीवपूर्वक आणि मोजून वापरतात. तेव्हा विद्यार्थ्याने पाठ लक्षात ठेवावा, पण शल्यविशारदाशी वाद घालू नये. विचारून खात्री करावी.

हेपरिनचे मोजमाप युनिटमध्ये असते. पाच मिलिलिटरच्या एका कुपीत ५,००० युनिट, तर तेवढ्याच आकाराच्या दुसऱ्या कुपीत २५,००० युनिट असू शकतात. शेजारी शेजारी ठेवलेल्या या दोन कुप्यांमध्ये पाचपटीचा फरक आहे. युनिटऐवजी इंग्रजी ‘यू’ हे अक्षर लिहिण्याची पद्धत अजून गेलेली नाही. घाईने काढलेला ‘यू’ शून्यासारखा दिसतो आणि १० युनिटचे १०० होतात. म्हणून ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहावा. दशांश चिन्हाआधी शून्य द्यावे, ‘.५’ न लिहिता ‘०.५’ लिहावे. उलट ‘५.०’ लिहू नये, बिंदू पुसट झाला की पाचाचे पन्नास होतात.

एका शस्त्रक्रियेचा प्रवास

औषधांचे गट पाठ करण्यापेक्षा एका शस्त्रक्रियेबरोबर चालत गेले, तर ते सहज लक्षात राहतात. रुग्ण टेबलावर येण्यापूर्वी प्रतिजैविक दिले जाते. ते छेद घेण्याआधीच्या तासाभरात दिले, तरच जखमेच्या जागी पुरेसे पोहोचलेले असते. हातापायाला रक्तप्रवाह रोखणारा पट्टा बांधायचा असेल, तर पट्टा फुगवण्याआधी. ‘कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे का’ हा प्रश्न वॉर्डात विचारून झाला असला, तरी ओटीत पुन्हा विचारावा.

मग पांढरे, दुधासारखे प्रोपोफॉल. अर्ध्या-पाऊण मिनिटात झोप येते आणि एकाच मात्रेनंतर काही मिनिटांत उतरूही लागते. औषध इतक्या लवकर नष्ट झाले, असा समज होतो, तो चूक आहे. मेंदूत पोहोचलेले औषध रक्ताबरोबर स्नायू व चरबीकडे पसरते आणि मेंदूतील प्रमाण घटते, म्हणून जाग येते. शरीरातून त्याचा निचरा यकृतामार्फत नंतर सावकाश होतो. शोषण, वितरण, चयापचय आणि उत्सर्जन या पुस्तकी चौकडीतील ‘वितरण’ म्हणजे काय, हे यापेक्षा चांगले दुसरे उदाहरण सांगत नाही. प्रोपोफॉल सोयाबीन तेल आणि अंड्यातील स्निग्ध घटकांत मिसळलेले असते, त्यामुळे जंतूंना ते मेजवानीच. सिरिंजमध्ये भरलेले प्रोपोफॉल सहा तासांच्या आत वापरायचे, उरलेले फेकायचे. ‘महाग आहे, पुढच्या पेशंटला होईल’ हा विचार येथे चालत नाही.

यानंतर स्नायू शिथिल करणारी औषधे येतात. स्कोलिन मिनिटभरात काम करते आणि सुमारे दहा मिनिटांत उतरते. ॲट्राक्युरियम, व्हेक्युरोनियम अधिक वेळ टिकतात. या औषधांनी रुग्ण झोपत नाही, फक्त त्याचे सर्व स्नायू, श्वासाचेही, थांबतात. जाग्या माणसाला हे औषध चुकून दिले, तर त्याला सर्व कळत असते, पण बोटही हलवता येत नाही आणि श्वासही घेता येत नाही. म्हणूनच सिरिंजवरील चिठ्ठ्यांच्या आंतरराष्ट्रीय रंगसंकेतात या गटाला लाल रंग दिला आहे. झोप आणणाऱ्या औषधांना पिवळा, अफूवर्गीय वेदनाशामकांना निळा, रक्तदाब वाढवणाऱ्यांना जांभळा आणि स्थानिक बधिरतेच्या औषधांना करडा. रंग ही सोय आहे. चिठ्ठीवर नाव आणि मात्रा लिहिलेली नसेल, तर ती चिठ्ठी निरुपयोगी.

स्कोलिनबाबत एक गोष्ट सामान्य वाचकांनीही लक्षात ठेवण्याजोगी आहे. ते मोडून टाकणारे विकर काही कुटुंबांत जन्मतः कमी असते. दहा मिनिटांत उतरणारे औषध अशा व्यक्तीत काही तास टिकते. दक्षिण भारतातील आर्य वैश्य समाजात हे प्रमाण अधिक असल्याचे अभ्यास आहेत. घरातील कोणी भूल दिल्यानंतर तासन् तास श्वासयंत्रावर राहिले असेल, तर ही माहिती भूलतज्ज्ञांना आवर्जून द्यावी.

शेवटी शिथिल केलेले स्नायू पूर्ववत करण्यासाठी निओस्टिग्मिन आणि त्याच्या जोडीला ग्लायकोपायरोलेट किंवा ॲट्रोपिन देतात. जोडी का? निओस्टिग्मिन एकटे दिले, तर हृदयाचे ठोके मंदावतात आणि लाळ वाढते. जोडीदार औषध ते रोखते. हे कारण कळले की ट्रेमध्ये एकच सिरिंज दिसली, तर विद्यार्थी स्वतःहून दुसरीची आठवण करतो.

रंगहीन द्रवांच्या वाट्या

शल्यविशारदाच्या निर्जंतुक टेबलावर एक वेगळाच धोका असतो. सलाइन, लिग्नोकेन, हेपरिन मिसळलेले सलाइन, हायड्रोजन पेरॉक्साइड ही सारी रंगहीन द्रव्ये वाट्यांमध्ये ओतली की एकसारखी दिसतात. मूळ कुपी तोवर कचऱ्यात गेलेली असते. अमेरिकेतील सिएटलच्या व्हर्जिनिया मेसन या नामांकित रुग्णालयात २००४ मध्ये एका महिलेला रक्तवाहिन्यांच्या तपासणीत रंगद्रव्याऐवजी क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक टोचले गेले. दोन्ही द्रव रंगहीन होते आणि भांड्यांवर लेबल नव्हते. त्या महिलेचा मृत्यू झाला. रुग्णालयाने चूक जाहीरपणे मान्य केली, म्हणून ती जगाला कळली.

यावरचा नियम एका ओळीचा आहे: वाटी भरण्याच्या क्षणी तिच्यावर नाव लिहायचे, आणि नाव नसलेली वाटी, सिरिंज कोणाचीही असो, ओतून टाकायची. बाहेरून औषध ओतणाऱ्याने कुपीचे नाव, शक्ती आणि मुदतीची तारीख मोठ्याने वाचावी, घेणाऱ्याने ते पाहून परत म्हणावे. यात दहा-पंधरा सेकंद जातात.

दीड आणि अडीच

तोंडी सूचनांबाबत पाठ्यपुस्तके परदेशी उदाहरणे देतात. इंग्रजीत ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांत गोंधळ होतो, म्हणून ‘वन फाइव्ह’ असे सुटे अंक उच्चारावेत, हे खरेच. पण आपल्या ओटीची भाषा मराठी, हिंदी आणि इंग्रजीची मिसळ असते. येथे ‘दीड सीसी’, ‘अडीच सीसी’, ‘पाऊण अँप्यूल’ असे सर्रास बोलले जाते. केरळहून आलेल्या सिस्टरला ‘अडीच’ म्हणजे अडीच की साडेतीन, हा प्रश्न पडला, तर दोष तिचा नाही. एकोणसाठ आणि एकोणसत्तर तर अस्सल मराठी मुलांनाही अडखळवतात. इंग्रजी माध्यमातील मुलांची तर गोष्टच सोडा. अंक इंग्रजीत, सुटे आणि एककासह सांगावेत. ऐकणाऱ्याने पुन्हा उच्चारून दाखवावे. कळले नाही, तर ‘हो’ म्हणू नये. वरिष्ठांपुढे ‘परत सांगता का, सर?’ म्हणायला पहिल्या वर्षी जीभ रेटत नाही, हे मान्य. ती रेटण्याची सवय वर्गातच करून घ्यायला हवी.

फ्रीज, कुलूप आणि नोंदवही

स्कोलिन, ॲट्राक्युरियम, प्रसूतीत लागणारे ऑक्सिटोसिन व कार्बोप्रोस्ट ही औषधे २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवावी लागतात. बाहेर राहिली की ती लगेच खराब होत नाहीत, पण हळूहळू शक्ती गमावतात आणि कुपीकडे पाहून ते कळत नाही. २६ जुलै २००५ च्या पुरात कल्याण, बदलापूर परिसर पाण्याखाली गेला होता. त्या दिवसांची आठवण असलेल्यांना वीज नसलेला फ्रीज म्हणजे काय, हे सांगायला नको. दुरुस्तीसाठी वीज बंद राहण्याचे दिवस आजही येतात. फ्रीजमध्ये तापमापक हवा, तापमान दिवसातून दोनदा लिहायला हवे आणि त्यात डबा किंवा पाण्याची बाटली ठेवू नये. दार जितक्या वेळा उघडते, तितकी थंडी निघून जाते.

मॉर्फिन, फेंटॅनिल यांसारखी अफूवर्गीय औषधे अमली पदार्थविरोधी कायदा, १९८५ खाली येतात. ती कुलपात राहतात आणि प्रत्येक अँप्यूलचा हिशेब नोंदवहीत असावा लागतो. अर्धी अँप्यूल वापरली, तर उरलेली अर्धी साक्षीदारासमोर टाकून तशी सही करायची.

नोंदवहीत बॅच क्रमांक का लिहायचा, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिलेल्या १४ रुग्णांचा मृत्यू झाला. औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष होते; न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली. तेथे औषध देणाऱ्याच्या वाचनात चूक नव्हती, कुपीतील द्रवच घातक होता. असा संशय कधीही येऊ शकतो. त्या वेळी कोणत्या रुग्णाला कोणत्या बॅचची कुपी गेली, हे नोंदवहीच सांगू शकते.

त्यासाठीच रिकाम्या कुप्या आणि फुटलेल्या अँप्यूल शस्त्रक्रिया संपून रुग्ण शुद्धीवर येईपर्यंत एका ट्रेमध्ये राखून ठेवतात. काही विपरीत घडल्यास त्या ट्रेमधून दिलेल्या औषधांची उजळणी करता येते. रुग्ण टेबलावरून हलला, नोंद पूर्ण झाली, की काच जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार निळ्या खुणेच्या डब्यात जाते.